वजनाचे दुसरे ऑपरेशन आणि मेडिक्लेमचा नकार



मागच्या वर्षावासात मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या कडेच्या एका वस्तीत, विहाराच्या सभागृहात आम्ही मधुमेह तपासणी ठेवली होती. रक्त देऊन सगळ्या बाया घरी गेल्या, एक ताई मागे थांबल्या. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक इंग्रजी पत्र आमच्यापुढे ठेवले. पत्र विमा कंपनीचे होते. मुलाने वाचून दाखवले होते, पण त्यातला ‘नामंजूर’ हा एकच शब्द त्यांच्या डोक्यात राहिला होता.

ताईंचे वय ४९. वजन कमी करण्याचे ऑपरेशन त्यांनी २०१७ साली एकदा करून घेतले होते. पतपेढीचे कर्ज काढून आणि गळ्यातले सोने मोडून. दोन वर्षे वजन उतरले, मग हळूहळू परत चढले. त्याहून वाईट म्हणजे रात्री आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येई, ठसका लागे. दहा बाय बाराच्या खोलीत घरची सगळी झोपली की ताई भिंतीला टेकून बसल्या-बसल्या डोळा लावत. डॉक्टरांनी दुसरे ऑपरेशन सुचवले. मुलगा अंधेरीला कंपनीत कामाला, कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडिलांची नावे आहेत. म्हणून अर्ज केला आणि हे पत्र आले.

ताईंच्या परवानगीने, त्यांचे, रुग्णालयाचे आणि विमा कंपनीचे नाव न देता, ही हकिकत आम्ही आरोग्य पानावर देत आहोत. आपल्या घरांतली मुले आता कंपन्यांत लागली आहेत, घरात मेडिक्लेमचे कार्ड आले आहे. पण ते कार्ड नाकारले गेले तर पुढे काय, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ऑपरेशन फसते म्हणजे काय?

ताईंचे पहिले ऑपरेशन ‘स्लीव्ह’ प्रकारचे होते. त्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. थोड्या खाण्यात पोट भरते, भूक वाढवणारे काही रसही कमी होतात. पण काही जणांत ही नळी पुढे सैलावते. काहींत वजन परत येते. काहींना जठरातले आम्ल वर चढण्याचा त्रास सुरू होतो किंवा असलेला वाढतो. काहींत नळी मध्येच आकसते आणि अन्न उतरत नाही. जुन्या काळी पोटाला पट्टा बसवण्याचे ऑपरेशन होत असे, त्यात पट्टा सरकल्याच्या किंवा आत रुतल्याच्या तक्रारी येत. अशा वेळी पहिली रचना बदलून दुसरी करतात. याला ‘रिव्हिजन’ म्हणजे फेरशस्त्रक्रिया म्हणतात. स्लीव्हचे बहुधा बायपासमध्ये रूपांतर करतात. आम्ल वर येण्याचा त्रास असेल तर बायपासने तो पुष्कळदा कमी होतो.

वस्तीत मात्र वेगळेच ऐकू येते. “एवढे पैसे घातले आणि पुन्हा खात सुटली.” ताईंनी हे नणंदेकडून ऐकले, शेजारणीकडून ऐकले आणि एका दवाखान्यातही ऐकले. म्हणूनच त्या तीन वर्षे गप्प राहिल्या. संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट आहे. भरपेट जेवून, धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याची टिंगल केली नाही. भान ठेवून जेवण्याविषयी चार शब्द सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ते शब्द पाठ करायला लावले आणि रोज जेवताना म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचे खाणे आटोक्यात आले. राजालासुद्धा रोज आठवण करून देणारे माणूस लागले. आणि इथे तर प्रश्न नुसत्या खाण्याचा नाही. शरीरातले रस, मधुमेह, काही औषधे, अपुरी झोप या सगळ्यांचा वजनाशी संबंध आहे. तेव्हा ज्यांचे वजन परत आले त्यांनी लाजून दवाखाना टाळू नये.

पॉलिसीतले ०६ नंबरचे कलम

भारतातल्या विमा कंपन्यांवर ‘इर्डाय’ ही सरकारी नियामक संस्था देखरेख ठेवते. कोणते खर्च मिळणार नाहीत, याची भाषा सगळ्या कंपन्यांनी एकसारखी ठेवावी म्हणून इर्डायने २०१९ साली नियम केले. त्यात लठ्ठपणावरील ऑपरेशनला ‘एक्ससीएल ०६’ हा क्रमांक आहे. आपल्या पॉलिसीच्या पुस्तिकेत तो शोधा. कलमाचे शीर्षक पाहून लोक समजतात की वजनाचे ऑपरेशन कधीच मिळत नाही. तसे नाही. काही अटी पूर्ण झाल्या तर हे कलम आडवे येत नाही. त्या अटी अशा:

१) ऑपरेशन डॉक्टरांच्या सल्ल्याने हवे.
२) ते मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून हवे.
३) रुग्णाचे वय १८ किंवा अधिक हवे.
४) बीएमआय ४० किंवा अधिक हवा. किंवा बीएमआय ३५ किंवा अधिक असून साधे उपाय करूनही वजन उतरलेले नसावे आणि पुढीलपैकी एक आजार असावा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडण्याचा गंभीर आजार, किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह.

बीएमआय काढणे सोपे आहे. किलोतले वजन घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. ताईंचे वजन ८८ किलो, उंची १ मीटर ५२ सेंटिमीटर. ८८ भागिले १.५२, आलेल्या उत्तराला पुन्हा १.५२ ने भागले की ३८.१ येतात.

एक गोष्ट इथे समजून घ्यावी. डॉक्टरांची आजची मार्गदर्शक तत्त्वे या कलमापेक्षा सैल आहेत. २०२२ साली या विषयातल्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी सांगितले की बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवावे, आणि आशियाई लोकांसाठी हा आकडा आणखी खाली धरावा, कारण आपल्याला कमी वजनातही मधुमेह गाठतो. म्हणून डॉक्टर म्हणतात ‘गरज आहे’ आणि कंपनी म्हणते ‘बसत नाही’, असे होऊ शकते. कंपनी पॉलिसीचे कलम बघते. आपली कागदपत्रे त्या कलमाच्या भाषेत असली पाहिजेत.

दोन वेगळ्या वाटा

फेरशस्त्रक्रियेत एक मुद्दा नीट तपासावा. हे ऑपरेशन वजनासाठी आहे, की पहिल्या ऑपरेशनने झालेल्या त्रासासाठी?

वजन आणि मधुमेहासाठी असेल तर वरच्या चारही अटी दाखवाव्या लागतात. आम्ल वर येणे हा आजार त्या यादीत नाही, हे लक्षात ठेवा. पण जठराची नळी आकसली असेल, पट्टा रुतला असेल, आम्लाने अन्ननलिकेला जखमा झाल्या असतील, तर ते ऑपरेशन त्या बिघाडावरचा उपचार आहे, असे डॉक्टर तपासणीच्या आधाराने लिहू शकतात. मग ०६ नंबरचे कलम लागूच होत नाही, असा मुद्दा मांडता येतो. कंपनी मान्य करीलच असे नाही. पण मुद्दा पत्रात लिहिलेलाच नसेल तर विचार तरी कशाचा होणार?

दोन्ही कारणे खरी असतील तर दोन्ही लिहून घ्यावीत. जे नाही ते मात्र डॉक्टरांना लिहायला सांगू नये. पंचशीलातले चौथे शील आपण दर रविवारी म्हणतो. आणि व्यवहारातही, लबाडी उघडी पडली तर दावा जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते.

ताईंचा अर्ज कुठे अडला?

आमच्यात विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी नकाराचे पत्र आणि रुग्णालयाने पाठवलेला मंजुरीचा अर्ज शेजारी-शेजारी ठेवला. नकारात लिहिले होते: बीएमआय ३४.४, म्हणून ३५ च्या खाली.

३४.४ आले कुठून? अर्जावर उंची १६० सेंटिमीटर होती. ताईंना विचारले तर म्हणाल्या, “उंची कोणी मोजलीच नाही. काउंटरवर विचारलं, पोरगा म्हणाला पाच-तीन असेल.” विहाराच्या भिंतीला उभे करून आम्ही मापले. १५२ भरले. आठ सेंटिमीटरच्या अंदाजाने ३८.१ चे ३४.४ झाले होते. शिवाय ‘इतर आजार’ हा रकाना कोरा होता. ताईंना अकरा वर्षांपासून मधुमेह, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी ९.४, आणि अर्जावर त्याचा उल्लेख नाही. रात्रीच्या त्रासाबद्दल एक ओळ नाही. डॉक्टरांना सगळे माहीत होते, पण अर्ज भरला होता मेडिक्लेम काउंटरवरच्या मुलाने, घाईत.

आम्ही ताईंना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उंची-वजन पुन्हा मोजून सही केली आणि दोन पानी पत्र दिले. घशातून दुर्बीण घालून करतात ती एंडोस्कोपी झाली, तिच्यात अन्ननलिकेला सूज आणि जखमा दिसल्या. झोपेत श्वास अडतो का, याची रात्रभराची तपासणी झाली. आजार गंभीर निघाला.

मग कंपनीने विचारले, साधे उपाय करून पाहिले याचा पुरावा द्या. आहारतज्ज्ञाचे कागद ताईंकडे नव्हते. पण पालिकेच्या दवाखान्यात मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला त्या दर महिन्याला जात. तिथल्या केसपेपरवर दर वेळी वजन टिपलेले होते आणि ‘आहार सांगितला, चालण्यास सांगितले’ अशी नोंदही होती. तेच अठरा महिन्यांचे केसपेपर पुरावा म्हणून लावले.

शेवटची अडचण २०१७ च्या कागदांची. रुग्णालयांनी दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपावीत असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे, आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यावीत. पण तीन वर्षे कधीच उलटली होती. पहिल्या रुग्णालयात काही उरले नव्हते. शेवटी घरच्या पत्र्याच्या पेटीत, मुलाच्या जात पडताळणी प्रमाणपत्राखाली, डिस्चार्ज समरी सापडली. ती नसती तर पहिले ऑपरेशन कोणते झाले हे सांगणेही कठीण गेले असते.

फाइलमध्ये काय असावे?

जातीचा दाखला आपण जसा जपतो तशी आजारपणाची फाइल जपा. फेरशस्त्रक्रियेच्या अर्जासाठी एवढे कागद हवेत:

१) पहिल्या ऑपरेशनची डिस्चार्ज समरी आणि मिळाल्यास ऑपरेशनची टिपणी.
२) तेव्हाचे वजन, सर्वांत कमी झालेले वजन आणि आजचे वजन, तारखांसह. ताईंचे आकडे १०४, ७१ आणि ८८ असे होते.
३) चपला काढून, प्रत्यक्ष मोजलेली उंची.
४) एंडोस्कोपी, गरजेप्रमाणे बेरियम पाजून काढलेला एक्स-रे, झोपेची तपासणी, एचबीए१सी.
५) आहार, व्यायाम, औषधे यांचे किमान काही महिन्यांचे लेखी पुरावे.
६) सर्जन आणि मधुमेहाचे डॉक्टर यांची पत्रे. पत्रात ०६ नंबरच्या कलमाची प्रत्येक अट एकेक करून यावी.
७) पॉलिसीची पूर्ण प्रत. ग्रुप मेडिक्लेम असेल तर ती कंपनीच्या एचआर विभागाकडून मागावी. ग्रुप पॉलिसीत पुष्कळदा जुन्या आजारासाठीची थांबण्याची मुदत माफ असते, तर कधी एखादी जादा अट असते. ती वाचल्याशिवाय अर्ज करू नये.

स्वतःची पॉलिसी नव्याने काढणाऱ्यांनी पहिले ऑपरेशन फॉर्मवर लिहिलेच पाहिजे. आधीपासूनच्या आजारासाठी आता जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागते. ते थांबणे परवडते, लपवणे परवडत नाही.

नकार आल्यावर कोणत्या दारात?

आधी हे लक्षात घ्या की कॅशलेस नाकारले म्हणजे दावा कायमचा गेला असे नाही. नवे कागद लावून पुन्हा अर्ज करता येतो. पैसे भरून नंतर परत मागता येतात, पण आपल्यापैकी कितीजणांना ते जमेल? म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनची मंजुरी दाखल होण्याआधीच मिळवावी.

इर्डायच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने दावा नाकारताना पॉलिसीतल्या कोणत्या अटीमुळे नाकारला ते लेखी सांगायचे असते, आणि नकाराला कंपनीतल्या समितीची संमती लागते. फोनवरचा नकार घेऊ नका. लेखी मागा.

पहिले दार: विमा कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. ईमेल करा, तक्रार क्रमांक घ्या. १४ दिवसांत उत्तर यायला हवे. ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरलाही प्रत पाठवा. कंपनी मोठा ग्राहक असते, तिच्या शब्दाला वजन असते.

दुसरे दार: इर्डायचे ‘बिमा भरोसा’. फोन क्रमांक १५५२५५.

तिसरे दार: विमा लोकपाल. कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर इथे जाता येते. नकारापासून एका वर्षाच्या आत जावे. फी नाही, वकील लागत नाही, आपणच बोलायचे. ग्रुप पॉलिसीची तक्रारही चालते. ५० लाखांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतात. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो ३० दिवसांत पाळला नाही तर दिवसाला ५,००० रुपये दंड आहे.

उपनगरातल्या वाचकांची इथे गल्लत होते. अंधेरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवलीकरांसाठी मुंबईचे कार्यालय आहे, सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा ॲनेक्समध्ये. पण पालिकेचे एम पूर्व, एम पश्चिम, एन, एस आणि टी हे वॉर्ड, म्हणजे गोवंडी, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, ठाण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतात. ते ठाणे पश्चिमेला जीवन चिंतामणी इमारतीत आहे. चुकीच्या दारात महिना घालवू नका, जाण्याआधी फोन करा.

याशिवाय ग्राहक आयोग आहेच. मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

मेडिक्लेम नसेल तर

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मांडले होते की विमा हा सरकारच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा. ते मजूर मंत्री असतानाच, १९४४ साली, प्रा. अदारकर यांचा कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अहवाल आला आणि पुढे १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला. आज २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयसी लागू आहे, आणि अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात. अंधेरी, कांदिवली आणि मुलुंडला त्यांची रुग्णालये आहेत. मोठ्या उपचारासाठी तिथून बाहेरच्या रुग्णालयात पाठवता येते, त्यासाठी तिथल्या तज्ज्ञाची चिठ्ठी लागते.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते. डॉक्टरांकडून ऑपरेशनचे नेमके नाव लिहून घ्या आणि आरोग्यमित्राला दाखवा, किंवा १५५३८८ वर विचारा. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तिथल्या समाजसेवकाला रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटा.

मंजुरी आली म्हणजे घाई नको

दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असते, धोका जास्त असतो. म्हणून असे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मतही घ्या. २०२५ पासून वजन कमी करणारी नवी इंजेक्शने आपल्याकडे आली आहेत. ती आपल्याला चालतील का, हेही विचारा. रुग्णालयात पॉलिसीत बसेल तेवढ्याच भाड्याची खोली घ्या. त्यावरची घेतली तर इतर बिलांतही त्या प्रमाणात कपात होते.

बायपासनंतर बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते. ताटात आधी प्रथिने: अंडे, डाळ, चणे, दही, सुकट, बोंबील. भात-भाकरी नंतर आणि थोडी. गोड चहा, सरबत, कोल्ड्रिंक यांतून वजन गुपचूप परत येते. पाणी घोट-घोट, पण दिवसभर. सार्वजनिक संडासाची रांग टाळायला आपल्या बाया पाणीच पीत नाहीत. ऑपरेशन झालेल्या बाईला ते फार महागात पडते.

ताईंची मंजुरी तक्रार केल्यावर बाराव्या दिवशी आली. ऑपरेशन होऊन आता सात महिने झाले. वजन किती उतरले हे आम्ही छापत नाही, कारण तोच प्रश्न त्यांना सगळे विचारतात. त्या आता रात्री चटईवर आडव्या होऊन झोपतात. गेल्या पौर्णिमेला विहारात आल्या तेव्हा त्यांच्यासोबत भांडुपची एक बाई होती, हातात असेच एक इंग्रजी पत्र. तिची उंची ताईंनी स्वतः भिंतीला उभे करून मोजली.

आपल्याही घरी असे पत्र पडून असेल तर विहारात घेऊन या. जय भीम.